‘नको’ला फ्रेंचमध्ये शब्द नाही

दुबईतल्या आमच्या ऑफिसात कुणाचाही वाढदिवस असला, की केक कापायचं काम कासाब्लांकाच्या एका सहकारिणीकडे असतं. मी फ्रेंच शिकायला लागून दोन-तीन आठवडे झाले असतील. तिने एक तुकडा बशीत घालून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "त्यु आँ व्हॅ?" तुला हवाय का? मला हवा होता. दुपारचा डबा मीटिंगपायी तसाच राहिला होता. नुकताच शिकलेला सगळ्यात सभ्य शब्द मी हसून उच्चारला, "मेर्सी!" तीही हसली, तिने मान डोलावली आणि बशी शेजारच्याकडे गेली.

‘मेर्सी’ म्हणजे धन्यवाद, एवढंच तोवर शिकले होते. ते खोटं नाही. पण कुणी खायला-प्यायला काही पुढे केलं आणि उत्तरादाखल आपण नुसतं ‘मेर्सी’ म्हटलं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘राहू दे’ असा होतो. हवं असेल तर तसं उघड म्हणावं लागतं: ‘ऊइ, मेर्सी’, ‘व्होलोंत्ये’ म्हणजे आनंदाने, ‘अव्हेक प्लेझीर’ म्हणजे खुशीने, किंवा रोजच्या बोलण्यातलं ‘ज व्हॅ ब्यँ’, म्हणजे ‘चालेल की’.

(फ्रेंच उच्चार देवनागरीत हुबेहूब उतरत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. इथे ‘ज’ आणि ‘जेम’ लिहिलंय तिथला ज ‘जेवण’मधला नाही. इंग्रजीतल्या ‘मेझर’मध्ये जो घासून येतो, तो.)

त्या दिवसापासून माझ्या लक्षात येत गेलं की फ्रेंचमध्ये ‘मला आवडतं’ म्हणणं दोन तासांत येतं, अवघड आहे ते ‘नको’ म्हणणं. मराठीत हा केवढा सोयीचा शब्द आहे! नको, नकोस, नका, नकोत असा क्रियापदासारखा चालतो आणि कारण सांगायला बांधील नसतो. आवडत नाही म्हणून नको, आवडतं पण पोट भरलंय म्हणून नको, उपास आहे म्हणून नको, संकोच वाटतो म्हणून नको, रुसलोय म्हणून तर नकोच नको. फ्रेंचमध्ये असा एकटा उभा राहणारा शब्द नाही. तिथे हे काम दहा-बारा वाक्यांनी वाटून घेतलंय आणि कोणतं वाक्य कधी वापरायचं हे ताटासमोर बसल्यावरच कळतं.

अमिरातीत मराठी माणसाने फ्रेंच कशाला शिकावं, असा प्रश्न गावाकडे नेहमी होतो. इथल्या सीबीएसईच्या शाळांत दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेता येतं, त्यामुळे बऱ्याच मराठी घरांत ती मुलांच्या दप्तरातून आधी शिरते आणि अभ्यास घेणाऱ्या आईबापांना मागून पकडते. दुबईत ऊद मेथाला आलियाँस फ्राँसेज आहे. अबू धाबीत २००६ पासून सोरबोन विद्यापीठ आहे, २०१७ पासून लूव्र संग्रहालय आहे. फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेने २०१८ साली अमिरातीला सहयोगी सदस्य करून घेतलं, तेव्हा इथल्या अनेकांना आपण अशा संघटनेच्या आसपास होतो हेच नवीन होतं. पण कानावर पडणारं फ्रेंच या संस्थांमधून येत नाही. ते येतं लेबनीज, मोरोक्कन, ट्युनिशियन, अल्जेरियन माणसांकडून, अधूनमधून सेनेगल किंवा कॅमेरूनच्या कुणाकडून. बैरुतची माणसं तर एका दमात इंग्रजी, अरबी आणि फ्रेंच बोलतात. ‘हाय, किफक, सा व्हा?’ हे त्यांच्या भाषामिसळीचं गाजलेलं उदाहरण आहे. ‘पुष्कळ आभार’ला ती ‘मेर्सी क्तीर’ म्हणतात, अर्धं पॅरिसचं, अर्धं लेबनॉनचं.

पहिल्या धड्यात क्रियापद येतं ‘एमे’. ‘जेम ल काफे’, मला कॉफी आवडते. मराठी माणसाला इथे पहिली ठेच लागते ती ‘मला’ची. आपल्याकडे आवडणारी वस्तू कर्ता असते आणि आपण तिच्यापुढे ‘ला’ लावून उभे असतो. आंबा आवडतो, भाकरी आवडते, वरण आवडतं, पोहे आवडतात: क्रियापद खाण्याच्या तालावर फिरतं, खाणाऱ्याच्या नाही. फ्रेंचमध्ये मी कर्ता, मी आवडून घेणार, आणि क्रियापद माझ्या हुकमात. वस्तूचा मान राखायला तिच्यापुढे एक छोटा चोपदार मात्र हवा: पुल्लिंगी असेल तर ‘ल’, स्त्रीलिंगी असेल तर ‘ला’, अनेकवचनी असेल तर ‘ले’.

लिंगाची कल्पना आपल्याला नवीन नाही, इंग्रजीवाल्यांपेक्षा आपण तिथे पुढे असतो. गोंधळ होतो तो दोन्हीकडची लिंगं जुळत नाहीत म्हणून. चहा इथेही तो, तिथेही तो. भातही तोच. पण कॉफी तिथे पुरुष आहे आणि साखरही पुरुष. आंबा मात्र बाई आहे: ‘ला माँग’. हापूसला ‘ती’ म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. नपुंसकलिंग तर तिथे उरलंच नाही, त्यामुळे आपलं दूध, पाणी, मीठ कुठल्या तरी एका बाजूला जाऊन बसतं. लॅटिनमध्ये दूध आणि वाइन हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी होते, फ्रेंचमध्ये येताना ते पुल्लिंगी झाले. पाणी स्त्रीलिंगी.

दुसरी ठेच जास्त लागते. ‘मला कॉफी आवडते’ आणि ‘मी कॉफी पिते’ यांतली कॉफी आपल्याला एकच वाटते. फ्रेंचला वाटत नाही. आवडते ती जगातली समस्त कॉफी, कॉफी नावाची जात, म्हणून ‘ल काफे’. पिते ती त्या अथांग कॉफीतली थोडीशी, म्हणून ‘द्यु काफे’. आणि नकार दिला की खाण्यापिण्याच्या वाक्यात हे ‘द्यु’ आक्रसून नुसतं ‘द’ उरतं: ‘ज ब्वा पा द काफे’, मी कॉफी पीत नाही. आवडीच्या वाक्यात मात्र नकारानेही काही हलत नाही: ‘जेम पा ल काफे’. पीत नसले तरी जातीला धक्का लागत नाही, असं काहीतरी तत्त्वज्ञान त्यामागे असावं. मला ते कळलं ते व्याकरणाच्या तक्त्यातून नाही, कारफूरच्या चीजच्या काउंटरपुढे कळलं. ‘कारफूर’ या शब्दाचा अर्थ चौक, हेही तेव्हाच समजलं.

आणि तिसरी ठेच जिव्हारी लागते. कुणी विचारलं, तुला हे चीज आवडतं का? आपण मनात मराठी जुळवतो, ‘हो, मला ते आवडतं’, आणि ‘ते’साठी सर्वनाम घालून म्हणतो, ‘ऊइ, ज लेम’. ऐकणारा दचकतो. ‘ज लेम’ म्हणजे माझं त्याच्यावर किंवा तिच्यावर प्रेम आहे. चीजबद्दल बोलायचं तर ‘जेम ब्यँ’ म्हणून थांबावं, किंवा ‘जेम सा’ म्हणावं. प्रेमाला आणि आवडीला एकच क्रियापद ठेवल्यावर सीमेवर असा पहारा लागणारच. गंमत म्हणजे ‘ब्यँ’ म्हणजे ‘चांगलं’, पण ते जोडलं की भावना वाढत नाही, कमी होते. माणसाला ‘ज तेम’ म्हटलं तर लग्नापर्यंत जाऊ शकतं, ‘ज तेम ब्यँ’ म्हटलं तर तू चांगला मित्र आहेस, एवढ्यावर भागतं. खाण्याच्या बाबतीतही ‘जेम ब्यँ’ म्हणजे बरं वाटतं, खाते. जीव टाकायचा असेल तर ‘जादोर’.

पण आपली ‘मला’ची रचना फ्रेंचमध्ये अजिबात नाही, असं मी बरेच दिवस समजत होते, ते चूक निघालं. मित्रमंडळींत काही सुचवायचं असलं की विचारतात, ‘सा त दी, आँ काफे?’ शब्दशः, ‘एक कॉफी, तुला काही सांगते का?’ म्हणजे घ्यायची का? आणि नको असेल तर ‘सा म दी र्यँ’, मला काहीच सांगत नाही. इथे कॉफी कर्ता आणि मी ‘मला’. तसंच उणीव भासण्याचं. ‘ले माँग म माँक’, आंबे मला चुकल्यासारखे वाटतात, क्रियापद आंब्यांच्या मागे. मार्च-एप्रिलमध्ये दुबईतल्या करामाच्या दुकानांत हापूसच्या पेट्या लागेपर्यंत हे वाक्य सरावाला उत्तम आहे, उच्चारालाही, कारण त्यात आंबा आणि उणीव यांत फक्त शेवटच्या ग आणि क चा फरक आहे.

पुस्तकातलं फ्रेंच आणि बोलण्यातलं फ्रेंच यांत अंतर आहे ते मुख्यतः नकारात. पुस्तक सांगतं, क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’. बोलताना आधीचा ‘न’ जवळजवळ सगळे गिळतात आणि नकाराचा सगळा भार मागच्या ‘पा’वर टाकतात. ‘ज नेम पा’ असं पूर्ण म्हणणारा माणूस एक तर परीक्षेत असतो किंवा रागावलेला. रोजचं म्हणजे ‘जेम पा’. ‘त्यु एम’चंही आखडून ‘तेम’ होतं. मराठीत नाही का, ‘काय करतो आहेस’चं ‘काय करतोयस’ होतं.

बोलण्याची आणखी एक लकब आपल्या फार जवळची आहे. वस्तू आधी टेबलावर ठेवायची, मग मत द्यायचं. ‘ल करक, जादोर.’ करक म्हणजे, वा! ‘ले झेपिनार, जेम पा सा.’ पालक ना, नाही आवडत मला. पुस्तकी क्रम आधी मी, मग आवड, मग पालक असा आहे. बोलणारा आधी पालक म्हणतो, नाक मुरडतो, मग बाकीचं. आपणही ‘कारलं? छे!’ असंच म्हणतो. (करक हा आपल्या ‘कडक’चा अरबी अवतार. घट्ट दुधाचा, वेलची घातलेला हा चहा इथल्या प्रत्येक कॅफेटेरियात मिळतो आणि फ्रेंच बोलणारेही त्याला करकच म्हणतात. ‘ते ओ ले’, दुधाचा चहा, म्हटलं तर काहीतरी फिकट, दुःखी येतं.)

हॉटेलात मागताना ‘ज व्हॅ’, मला हवंय, हे उद्धट वाटतं. ‘ज व्हुद्रे’ म्हणतात. वर्गात त्याची मोठी संकेतार्थाची फोड करून देतात, पण मराठी माणसाला ती लागत नाही. आपण काउंटरवर ‘एक कॉफी हवी होती’ म्हणतो. कधी हवी होती, काल? असं कुणी विचारत नाही. इच्छा जरा मागच्या काळात ढकलली की ती नम्र होते, हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे. साखरेचं माप मात्र वेगळं. आपण ‘साखर कमी’ म्हणतो, लेबनीज लोक कॉफीला ‘सादा’, ‘वसत’, ‘हेल्वे’ अशा तीन पायऱ्या ठेवतात: बिनसाखरेची, मध्यम, गोड. फ्रेंच माणूस खडे मोजतो. एक साखर, दोन साखर, अर्धी साखर.

आता नापसंतीकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. घरोघरच्या फ्रेंच आया मुलांना एक गोष्ट शिकवतात: ‘हे वाईट आहे’ म्हणायचं नाही, ‘मला आवडत नाही’ म्हणायचं. आपल्याकडे हेच ‘अन्नाला नावं ठेवू नयेत’ म्हणून शिकवतात, फक्त आपल्यात अन्न हे पूर्णब्रह्म म्हणून आणि त्यांच्यात रांधणाऱ्याचा मान म्हणून. मोठेपणी ही शिकवण एका विलक्षण आडवळणी भाषेत रूपांतरित होते. ‘से पा माल’, शब्दशः ‘वाईट नाही’, म्हणजे छान आहे. आमच्या कोल्हापूरकडच्या ‘वाईट न्हाई’ची ही सख्खी बहीण. पण लगेच ‘से पा तेरिब्ल’ ऐकलं तर तसाच अर्थ लावू नका. ‘भयंकर नाही’ असं शब्द सांगतात, अर्थ मात्र ‘काही खास नाही, बेतास बात’ असा. ‘तेरिब्ल’ बोलीत ‘जबरदस्त’ या अर्थानेही येतो, त्याचा हा नकार. आपण ‘भयंकर आवडलं’ म्हणतो, त्यामुळे निदान मराठी माणसाने यावर आश्चर्य करू नये.

‘बॉफ’ हा तर शब्दही नाही, ओठांतून सुटलेली हवा आहे. खांदे उडवून ‘बॉफ’ म्हटलं की विषय संपला. आणि सगळ्यात धोक्याचं विशेषण ‘स्पेस्याल’. तुमच्या घरच्या सुक्या बोंबलाची चटणी चाखून कुणी ‘से स्पेस्याल’ म्हटलं तर वाढू नका आणखी. ‘विशेष’ म्हणजे ‘विचित्र’, सभ्यपणे. ‘जेम पा त्रो’, फारसं नाही आवडत, हे त्याहून स्पष्ट आणि त्याहून निरुपद्रवी.

स्वतःची ओळखच खाण्यावरून सांगायची एक तऱ्हा आहे. ‘त्यु ए प्ल्युतो स्युक्रे ऊ साले?’ तू गोड की खारट? न्याहारीच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो, कारण क्र्वासाँ, जॅम, चॉकलेटवाले आणि अंडी-चीजवाले असे तिथे दोन पंथ आहेत. ‘ज स्वि प्ल्युतो साले’, मी खारटातली. ‘ज स्वि पा त्रे फ्रोमाज’, मी काही फारशी चीज नाही, असंही म्हणतात, आणि व्याकरणाच्या शिक्षकांनी कितीही डोळे वटारले तरी बोलीत ते चालतं. गोडखाऊला ‘बेक स्युक्रे’ म्हणतात, गोड चोचीचा. ‘गुर्मां’ हा शब्द मला फार आवडतो. इंग्रजीत जाऊन तो खादाड झाला, फ्रेंचमध्ये तो आपला खवय्या आहे, जरा जास्त खाणारा पण ज्याच्यावर कुणी रागावत नाही असा.

थोडंसं हवं असेल, तर मात्र फ्रेंच उदार होते. चहात दूध किती? ‘आँ न्युआज द ले’, दुधाचा ढग. पेयात किती? ‘युन लार्म’, एक अश्रू. ‘आँ द्वा’, एक बोट. मीठ किती? चिमूट आहेच, पण ‘आँ सुप्सों’ही आहे, म्हणजे एक संशय. मीठ पडलंय की नाही असा संशय येईल इतपत. आपलं नखभर, चवीपुरतं, दाखवण्यापुरतं, जिभेला लावायला, हे सगळं कोष्टक त्यांच्याशी मांडून बघावं. या रांगेत शेवटी एक शब्द येतो, ‘आँ शुया’. एक शुया जास्त, एक शुया कमी. हा शब्द पॅरिसच्या मातीतला नाही. अल्जीरियावर फ्रेंचांचं राज्य १८३० ते १९६२. तिथल्या अरबीतला ‘शुय्या’ सैनिकांच्या तोंडून फ्रेंचमध्ये आला. आणि दुबईत पहिल्याच आठवड्यात कानावर पडणाऱ्या अरबी शब्दांत ‘श्वय्या’ असतोच. टॅक्सीवाला, भाजीवाला, शेजारीण, सगळे ‘श्वय्या श्वय्या’, हळूहळू, थोडं थोडं. फ्रेंचच्या पुस्तकात तो भेटला तेव्हा रस्त्यात गावचा माणूस भेटावा तसं झालं.

मग मी असे आणखी शोधत बसले. तरुण पोरं ‘जादोर’च्या ऐवजी ‘ज किफ’ म्हणतात. ‘ज किफ ल करक’, करकवर आपला जीव आहे. ‘किफ’चं मूळ उत्तर आफ्रिकेच्या अरबीतला ‘कीफ’, मौज, नशा, आणि त्याचं मूळ ‘कैफ’. आपल्याकडे फार्सीच्या वाटेने आलेला ‘कैफ’ हाच. एक शब्द पश्चिमेला गेला, पोरासोरांच्या तोंडात रमला, दुसरा पूर्वेला आला आणि गझलेत बसला. ‘काफे’ अरबी ‘कहवा’पासून, तुर्कीमार्गे. इथे अमिरातीत त्यालाच ‘गहवा’ म्हणतात. ‘स्युक्र’ म्हणजे साखर, मूळ संस्कृत ‘शर्करा’, वाटेत फार्सी आणि अरबी ‘सुक्कर’. ‘सिरो’, पाण्यात मिसळायचा पाक, हा अरबी ‘शराब’चा, आणि ‘सोर्बे’ हा आपल्या सरबताच्याच घराण्यातला. ‘माँग’ मल्याळममधून पोर्तुगिजांनी नेला. फ्रेंच, अरबी आणि मराठी एकाच टेबलावर आणायला मला अमिरातीत यावं लागलं. हे शब्द शेकडो वर्षं आधीच येऊन-जाऊन होते.

आता पुन्हा नकार, कारण काही नकार पोटाशी नाही, पथ्याशी असतात. ‘ज मांज पा द व्यांद’, मी मांस खात नाही, हे वाक्य शाकाहारी माणसाने पाठ केलं म्हणजे झालं, असं नाही. पुष्कळ यजमानांच्या मनात ‘व्यांद’ म्हणजे मुख्यतः गाईचं, डुकराचं, मेंढीचं मांस. ‘अच्छा, मग चिकन?’ असा पुढचा प्रश्न मी स्वतः ऐकलाय, आणि मासे तर त्या हिशेबात भाजीच्या जवळपास असतात. म्हणून मोजून सांगावं: मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही. अंडं नको असेल तर खबरदारी वेगळी. एकवचनात अंड्याच्या शेवटी फ ऐकू येतो, अनेकवचनात तो गळतो आणि एक पुसट स्वर तेवढा उरतो. ऐकणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत ऑम्लेट आलेलं असतं.

मासा म्हणजे ‘प्वासों’, आणि स चा झ झाला की ‘प्वाझों’, विष. तसाच ‘देसेर’ म्हणजे जेवणानंतरचं गोड, आणि ‘देझेर’ म्हणजे वाळवंट. फ्रान्समध्ये ही चूक हसण्यावारी जाते. इथे ‘मला देझेर फार आवडतं’ म्हटलं तर समोरचा मनापासून शनिवारच्या सफारीचं ठरवायला लागतो.

‘ज ब्वा पा’, मी पीत नाही, हे मराठीतून जसंच्या तसं चालतं. काय पीत नाही ते दोन्ही भाषांत सांगावं लागत नाही. शारजात ते म्हणायची वेळ येत नाही, तिथे दारूबंदीच आहे. लिंबू सरबताच्या आशेने ‘लिमोनाद’ मागू नये, फ्रान्समध्ये त्या नावाखाली फसफसणारं गोड पाणी येतं. ‘सित्रों प्रेसे’ मागावा: लिंबाचा रस, पाणी आणि साखर वेगवेगळं आणून देतात, आपण हवं तसं कालवायचं. उपास असला की ‘ज जन’ म्हणतात, आणि रमजानच्या देशात तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दुपारच्या जेवणाला फ्रेंचमध्ये ‘देजने’ म्हणतात, त्यातही हा उपास लपलाय. देजने म्हणजे उपास सोडणं. साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास करता येतो, हे मात्र माझ्या मोरोक्कन सहकारिणीला तीन भाषांत सांगूनही पटलेलं नाही.

पोट भरल्यावर काय म्हणायचं नाही, तेही सांगायला हवं. ‘माझं पोट भरलं’चं भाषांतर करून बाईने ‘ज स्वि प्लेन’ म्हटलं, तर त्याचा एक अर्थ ‘मी गाभण आहे’ असा होतो. गाई-म्हशींसाठीचा शब्द आहे तो. पुरुषाने त्याचं पुल्लिंगी रूप वापरलं तर तो झिंगलाय असं वाटेल. ‘जे ब्यँ मांजे’, छान जेवले, एवढं म्हणावं. तृप्तीचा ढेकर भाषेतही द्यायचा नसतो.

प्रश्नच नकारार्थी आला तर? ‘तेम पा ल फ्रोमाज?’ तुला चीज आवडत नाही? मराठीत ‘हो’ म्हटलं तरी गोंधळ, ‘नाही’ म्हटलं तरी गोंधळ. फ्रेंचमध्ये याच्यासाठी वेगळा ‘होय’ आहे: ‘सी!’ समोरच्याचा नकार खोडून काढणारा. शिक्षकांनी तो समजावायला दहा मिनिटं घेतली. मला मात्र आपला ‘की’ आठवला. ‘आवडत नाही का?’ ‘आवडतं की!’ तोच ठसका, तोच थोडासा राग.

अमिराती घरी गेलं की या सगळ्या शब्दांची गरजच सरते. तिथे गहवा देण्याची रीत ठरलेली आहे, युनेस्कोने २०१५ साली तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, अमिराती, सौदी, ओमान आणि कतार या चौघांच्या नावाने. डाव्या हातात दल्ला, म्हणजे गहव्याची किटली, उजव्या हातात बिनकानाच्या कपांची चळत. कप तळाशी जेमतेम भरतात. संपला की पुन्हा, पुन्हा संपला की पुन्हा. पुरे झालं असेल तर तोंडाने काही म्हणायचं नाही, रिकामा कप दोन बोटांत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा. ते मनगट म्हणजे ‘नको’. मला हे माहीत नव्हतं त्या पहिल्या खेपेला मी सभ्यपणे कप पुढे धरून आभार मानत राहिले आणि किती प्यायले ते मोजायचं सोडून दिलं.

गेल्या होळीला आई साताऱ्याहून आली होती, तेव्हा कासाब्लांकाच्या त्या सहकारिणीला जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी. दोन पोळ्या तिने ‘गुर्मां’सारख्या खाल्ल्या. आई तिसरी घेऊन आली तेव्हा ती हात छातीशी नेऊन म्हणाली, "मेर्सी." आईला तेवढं फ्रेंच येतं. "अगं, आभार कसले मानतेस!" म्हणत तिने पोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली. मी मध्ये पडून सहकारिणीला घाईघाईने ‘नको’ शिकवलं. तिने तो शब्द फार गोड उच्चारला. आईच्या हिशेबात पहिला ‘नको’ धरत नाहीत, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी तिने दुबईत शिकलेला उपाय केला. आमटीची रिकामी वाटी दोन बोटांत उचलली आणि हलकेच डावी-उजवीकडे हलवली.

"बघ," आई मला म्हणाली, "वाटी रिकामी झालीय तिची. तू बसून काय राहिलीस? आमटी आण."